आठ महिने ‘पॅन्झर जनरल’: खेळ अस्सल, पंख्याचा त्रास मात्र टाळता येण्याजोगा

एसएसआय कंपनीचा १९९४ चा ‘पॅन्झर जनरल’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा, आळीपाळीने चाली खेळण्याचा युद्धखेळ मी गेले आठ महिने डॉसबॉक्समधून (जुने डॉसवरचे खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) विंडोज ११ च्या लॅपटॉपवर खेळत आहे. पहिले दोन महिने त्याच्याविषयी माझे मत चांगले नव्हते आणि त्याला कारण होता लॅपटॉपचा पंखा. पोलंडच्या मोहिमेत लॉड्झ आणि कुटनो घ्यायचे, पडद्यावर काहीही हलत नाही, रणगाडे नदीपलीकडे न्यावेत की नाही याचा मी विचार करत बसलो आहे आणि पंखा मात्र मिक्सरसारखा घोंघावतो आहे. चालीची वाट पाहणाऱ्या खेळाला इतकी शक्ती कशाला लागावी? दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तर पंखा बदलण्याचे अठराशे रुपये सांगितले. इतर कोणत्याही कामात तो शांत असतो हे समोर दाखवूनही उत्तर तेच मिळाले, म्हणून मी लॅपटॉप घेऊन परत आलो.

दोष डॉसबॉक्सच्या ‘सायकल्स’ या, खेळ किती वेगाने चालवायचा हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये होता. ते ‘ऑटो’वर असले की यासारख्या प्रोटेक्टेड मोडमधल्या (डॉसच्या मूळ मर्यादेपलीकडची मेमरी वापरणाऱ्या) खेळांसाठी डॉसबॉक्स प्रोसेसरकडून मिळेल तेवढी शक्ती खेचतो, मग खेळाला ती हवी असो वा नसो. कंट्रोल आणि एफ११ दाबत वेग उतरवला, पंचवीस हजारांवर चाली सहज होतात असे दिसले आणि तोच आकडा सेटिंगच्या फाइलमध्ये कायम केला. पंखा थांबला आणि अठराशे रुपये वाचले.

दुसरी अडचण तुकडीखालच्या संख्याबळाच्या आकड्याची. मूळ चित्र ६४०×४८०, माझा पडदा १९२०×१०८०. उंची भरण्यासाठी चित्र सव्वादोन पट ताणले की ८ आणि ६ यांतला फरक डोळे बारीक करून शोधावा लागतो. १२८०×९६० च्या खिडकीत ते नेमके दुप्पट होते आणि आकडे स्वच्छ दिसतात. कडेची रिकामी जागा मला चालते.

हे दोन्ही मार्गी लागल्यावर खेळाची खरी गंमत कळली. पायदळामागे तोफखाना उभा केला, तर चढाई करणाऱ्या शत्रूवर तो आधी मारा करतो, आणि अनुभवी तुकड्या पुढच्या लढाईत आपल्याबरोबर येतात, त्यामुळे अनुभवाचे चार तारे मिळवलेली एक तुकडी गमावल्याची हळहळ मला दोन दिवस होती. मोहीम फक्त जर्मन बाजूने खेळता येते, हे मला खटकते. सुट्या लढायांत दोस्त राष्ट्रांची बाजू घेता येते, म्हणून हल्ली मी त्याच अधिक खेळतो. परवा पावसाने माझी विमाने हल्ल्याविना अडकून पडली, अर्धा तास नकाशा पाहत बसलो आणि तेवढ्या वेळात पंखा एकदाही सुरू झाला नाही.