मॅनिफेस्टेशनची वही: पावसाळ्यापासून वापरतेय, काय चाललं काय नाही ते सांगते

लॉ ऑफ अट्रॅक्शन, इंटेन्शन सेट करणं, मॅनिफेस्टेशन, जे काय म्हणाल ते, म्हणजे हवं ते मनापासून मिळालंच आहे असं मानलं की ते मिळतं म्हणतात ते, मी गेल्या पावसाळ्यापासून बऱ्यापैकी नेटाने करतेय. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की अगं खरंच काही होतं का त्याने, प्रत्येकीला व्हॉइस नोट पाठवून कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. घाईत असाल तर रेटिंग आधीच घ्या: वहीला पाचपैकी चार, व्हिजन बोर्डाला (हव्या त्या गोष्टींची चित्रं चिकटवलेला फलक) दोन, ३६९ ला (एकच वाक्य रोज ठरावीक वेळा लिहायची पद्धत) एक, आणि ९९ रुपयांच्या वेबिनारनंतर जो मोठा कोर्स गळ्यात मारतात त्याला शून्य.

मी अकाउंट्समध्ये आहे. राहते सिंहगड रोडला, ऑफिस होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला खराडीला, पुण्यात राहणाऱ्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात, त्यामुळे मधले दिवस कसे जातात ते माझं मला माहीत. मागणं अगदी साधं होतं, घराजवळची नोकरी आणि पगार आत्तापेक्षा बरा. हे मी कधीपासून नुसतं बोलत होते. तेवढ्यात मोबाईलवर त्या वेबिनारची जाहिरात यायला लागली, एवढ्यांदा आली की म्हटलं ९९ रुपयांत काय जातंय, एका मिसळीचे पैसे.

वेबिनारमध्ये जे शिकवतात ते सगळीकडे साधारण सारखंच असतं. हवंय असं म्हणायचं नाही, मिळालंय असं म्हणायचं. वाक्य वर्तमानकाळात, त्यात नकार नको, म्हणजे 'मला कर्ज नको' असं लिहिलं तर युनिव्हर्सला फक्त कर्ज ऐकू येतं म्हणे. मग डोळे मिटून ते मिळाल्याचा आनंद अंगभर अनुभवायचा, आभार मानायचे आणि सोडून द्यायचं, कधी मिळेल कसं मिळेल याची काळजी आपण करायची नाही. मी हे रात्री जेवताना घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "वास्तू तथास्तु म्हणते हे मी तुला लग्न झाल्यापासून सांगतेय, मी कधी ९९ रुपये मागितले का गं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

हे सगळं मूळ आपल्या वेदांतलं, परदेशी लोकांनी उचललं, असंही वेबिनार घेणाऱ्या सरांनी ठोकून दिलं. मला असलं काही ऐकलं की शोधत बसायची खोड आहे. तर आज ज्या रूपात हे विकलं जातं ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतून आलंय, तिकडे न्यू थॉट नावाची चळवळ होती, आजार मनातून येतो आणि मनानेच बरा होतो अशा विचारांची. त्यातले एक विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन, पेशाने वकील, त्यांनी १९०६ साली 'लॉ ऑफ अट्रॅक्शन' हे शब्द थेट पुस्तकाच्या नावात टाकले. आणि गंमत म्हणजे हेच गृहस्थ योगी रामचरक असं नाव घेऊन योगावरही पुस्तकं लिहायचे, तेही अमेरिकेत बसून. नावावरून आपल्याला वाटावं की वाईचे वगैरे असतील. मग २००६ साली आलेल्या 'द सिक्रेट' या फिल्मने आणि पुस्तकाने हे घरोघर पोचवलं, आपल्याकडे मराठीतही आलं, पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

आणि ते फ्रिक्वेन्सी प्रकरण. विचारांची लहर बाहेर जाते आणि तशाच गोष्टी खेचून आणते म्हणे. मेंदूत वीज असते हे खरंय, पण ईईजी, म्हणजे त्या विजेचा आलेख, काढताना डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवावे लागतात आणि तरी हाती लागतात ते मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे दहा लाखावे भाग, ती लहर माझ्या हॉलमधून निघून कुठल्या एचआरच्या डोक्यात कशी शिरणार हे त्यांनी सांगितलं नाही. चॅटमध्ये विचारलं तर "लॉजिकल माइंड बाजूला ठेवा" असं उत्तर आलं. अकाउंट्सवाल्या बाईला हे सांगतायत.

बरं, प्रत्यक्ष वापर. सुरुवात ३६९ ने. एकच वाक्य सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा लिहायचं. याला विजेवर काम करणाऱ्या निकोला टेस्ला या संशोधकाचं नाव चिकटवलंय, तो आकड्यांचा वेडा होता हे ठीक, पण नोकरी मिळावी म्हणून वही लिहीत बसा असं काही त्याने सांगितलेलं नाही. मी अप्पा बळवंत चौकातून चांगलं जाड लाँगबुक आणलं, निळं पेन, सगळी तयारी. वाक्य होतं 'मला घराजवळ उत्तम पगाराची नोकरी मिळाली आहे, मी आभारी आहे'. सकाळच्या तीन ओळी अगदी वळणदार. दुपारच्या ऑफिसच्या टेबलाखाली लपवून. रात्रीच्या नऊमधल्या पाचव्या ओळीपासून अक्षर तिरकं व्हायला लागायचं, सातवीत 'पगाराची' मधला 'रा' गायब, आणि एका रात्री नवव्या ओळीत चक्क 'मला घराजवळ उत्तम डाळ भिजत घालायची आहे' असं लिहून ठेवलंय. मन कुठे असतं ते कळलं ना. शाळेत फळ्यावरचं वाक्य शंभरदा लिहायला लावायचे त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढाच याचा.

आणखी एक, ज्यांना आधीच स्वतःबद्दल फार बरं वाटत नाही त्यांनी अशी 'मी भारी आहे' छाप वाक्यं जपून वापरा. कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीच्या जोअन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास आहे, ज्यांचा आत्मविश्वास मुळात कमी त्यांना असलं वाक्य घोकल्यावर उलट आणखी वाईट वाटलं. मला हे पटलं, कारण 'मिळाली आहे' लिहिताना आतून कुणीतरी बारीक आवाजात 'कुठे?' विचारायचंच.

व्हिजन बोर्ड मात्र करायला मजा आली, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे कलर प्रिंट काढायला गेले, बाल्कनीतून टेकडी दिसणारा फ्लॅट, डोंगराकाठचा एक रस्ता, पगाराचा आकडा मोठ्या अक्षरात. तो काका प्रत्येक प्रिंट निरखून बघत होता, शेवटी म्हणाला, "ताई, फ्लॅट छान आहे, कितीला घेतला?" मी वर्तमानकाळात उत्तर द्यायला हवं होतं नियमाप्रमाणे, पण नाही जमलं. भिंतीवर लावला तर येणारे-जाणारे विचारणार, म्हणून गोदरेजच्या कपाटाच्या दाराला आतून मॅग्नेटने लावला. रोज साडी-ड्रेस काढताना दिसायचा. बघून इतकं छान वाटायचं, अगदी शांत, रात्री झोप मस्त. आणि अर्ज? एकही नाही. तेव्हा ते लक्षात आलं नव्हतं, कारण छान वाटत होतं ना!

याचं कारण मला नंतर वाचताना सापडलं. गॅब्रिएल ओटिंगन म्हणून मानसशास्त्राच्या प्राध्यापक आहेत, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत, त्यांनी वर्षानुवर्षं नेमका हाच विषय घेतला. त्यांनी आणि हेदर कॅप्स यांनी २०११ मध्ये दाखवलं की गोड चित्र रंगवल्यावर माणसाचं सिस्टॉलिक म्हणजे वरचं बीपी खाली येतं, म्हणजे शरीर समजतं की झालं काम, आता पडा. त्याआधी जर्मनीतल्या पदवीधर मुलांचा त्यांनी दोन वर्षं पाठपुरावा केला होता, ज्यांनी नोकरीची स्वप्नं जास्त रंगवली होती त्यांनी अर्ज कमी पाठवले, त्यांना ऑफर कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. पण त्यातच दुसरीही बाजू आहे आणि ती टिंगल करणारे सांगत नाहीत: ज्यांना आपल्याला नोकरी मिळेल अशी खात्री वाटत होती त्यांचं चांगलंच झालं. म्हणजे भरवसा असणं वेगळं आणि मनात मांडे खाणं वेगळं. कोर्सवाले दोन्ही एकाच पिशवीत घालून विकतात.

मग मी वही बदलली. ओटिंगनबाईंच्या पद्धतीला वूप म्हणतात, चार पायऱ्या: इच्छा, ती पूर्ण झाली तर काय छान होईल, आडवं काय येतं, आणि ते आडवं आलं की मी काय करणार. शेवटची पायरी त्यांच्या नवऱ्याच्या कामातून आलीय, पीटर गोलवित्झर, जर अमुक झालं तर मी तमुक करेन असं आधीच ठरवून ठेवायचं. त्यांच्या घरी साधं दूध आणायचं पण लेखी ठरत असेल असा माझा अंदाज.

खरी मेख तिसऱ्या पायरीत आहे. मी आधी लिहिलं 'वेळ नाही'. पण अडथळा आपल्या आतला शोधायचा असतो, बॉस, ट्रॅफिक, सरकार चालत नाही. बराच वेळ पेन चावत बसले तेव्हा जे आलं ते असं की मुलगी झाल्यावर मी जो गॅप घेतला त्याबद्दल इंटरव्ह्यूत विचारतील, इंग्रजीत विचारतील, आणि माझं त-त-प-प होईल, म्हणून मी अर्जच करत नाहीये. हे व्हिजन बोर्डावर कुठे चिकटवणार? याचं प्रिंट मिळत नाही.

त्यानंतरची वहीतली वाक्यं जशीच्या तशी देते. 'मंगळवारी रात्री ओटा पुसून झाला की टीव्हीकडे न जाता डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि एक अर्ज पाठवायचा.' 'गॅपबद्दल विचारलं तर, मुलगी लहान होती, त्या काळात घरून दोन दुकानांची रिटर्न भरत होते, एवढं सांगायचं आणि थांबायचं.' 'शुक्रवारी एका जुन्या ओळखीच्या माणसाला रेझ्युमे व्हॉट्सअ‍ॅप करायचा.' यात युनिव्हर्स नाही, व्हायब्रेशन नाही, पण ओटा आहे आणि मंगळवार आहे, आणि मंगळवारी ओटा पुसताना ते आपोआप आठवतं, हाच त्याचा फायदा.

नंतर श्रावणात घरी सत्यनारायण होता. गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, मग गोत्र, नाव, मग काय करणार ते, आणि मग पळीभर पाणी ताम्हनात. लहानपणापासून ऐकतेय, कधी लक्ष दिलं नव्हतं. कोण, कुठे, कधी, काय, सगळं बोलून झाल्याशिवाय पाणी सोडू देत नाहीत. वेबिनारवाल्या सरांना आपलं जुनं काही दाखवायचंच होतं तर हे दाखवायचं ना.

निकाल काय ते सांगते. दिवाळीच्या आसपास नोकरी बदलली. कर्वे रोडवर सीए फर्म आहे, घरून स्कूटरने जाते. पगार वाढला पण कपाटातल्या आकड्याएवढा नाही, बराच खाली आहे. जागा कळली ती जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडून, तिला युनिव्हर्सने बुद्धी दिली असं म्हणणार असाल तर म्हणा, पण तिच्या फोनमध्ये माझा रेझ्युमे होता तो मी शुक्रवारी पाठवलेला. मधल्या काळात एक लांब हिंजवडीची ऑफर आली होती, पगार झकास, ती सोडली कारण वहीत 'घराजवळ' हे आधी लिहिलेलं होतं. इंटेन्शन लिहून ठेवण्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा खरं तर हा, नाही कशाला म्हणायचं ते कळलं.

आता ज्या कोर्सला शून्य दिलं त्याबद्दल. वेबिनार संपला की त्यांचा एक ग्रुप असतो आणि रोज फोन येतात, आजच्या आज भरलं तर एवढी सूट, तेवढी सूट, पैसे नाहीत म्हटलं की "मॅम, हाच तुमचा मनी ब्लॉक आहे". क्रेडिट कार्डवर भरा, श्रीमंत माणसासारखं वागा म्हणजे श्रीमंती येते. इथपर्यंत मी हसून सोडलं. पण त्या ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं की मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे, मी कशी सुरुवात करू. त्यावर टीममधल्या कुणीतरी उत्तर दिलं की आजार तुमच्या घरातल्या भीतीच्या विचारांनी खेचून आणलाय, आधी स्वतःचे विचार तपासा. त्या बाईंनी हात जोडलेला इमोजी टाकला आणि सॉरी म्हणाल्या. सॉरी! डायलिसिसला नवऱ्याला घेऊन जाणाऱ्या बाईला सॉरी म्हणायला लावणारं शास्त्र कुठलं आलंय. मी तिथे लिहिलं की काकू, यात तुमचा काही दोष नाही, डॉक्टर सांगतायत तेच करा, तर मला ग्रुपमधून काढलं, लो व्हायब्रेशन म्हणून. या एका गोष्टीमुळे मी कुणालाही तो कोर्स सुचवणार नाही, फुकट दिला तरी.

भाची दहावीला आहे, तिने ऐकलं आणि भिंतीवर ९५ टक्के असं रंगवून लावलं. तिला म्हटलं, मार्कांचं चित्र कमी बघ, अभ्यासाचं जास्त बघ. अमेरिकेत यूसीएलए या युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला होता, फाम आणि टेलर या संशोधकांचा, १९९९, काहींनी रोज पाच मिनिटं चांगली ग्रेड मिळाल्याचं दृश्य डोळ्यांपुढे आणलं आणि काहींनी आपण कसा अभ्यास करतोय ते, दुसऱ्यांनी अभ्यास जास्त केला आणि मार्कही जास्त पाडले. तिचं उत्तर, "मावशी, पाच मिनिटं अभ्यास करताना बघण्यापेक्षा पाच मिनिटं अभ्यास नाही का करणार?" पुण्यातच वाढलीय, काय करणार.

घेणाऱ्यांसाठी: साधी वही पुरते, 'मॅनिफेस्टेशन जर्नल' म्हणून गुलाबी कव्हरची मिळते ती दामदुप्पट असते आणि आत रिकाम्या ओळीच असतात. एका वेळी एकच इच्छा. आभार मानायचा भाग मी ठेवलाय, रात्री दोन ओळी, त्याने चिडचिड कमी होते हे घरच्यांनीही कबूल केलंय.

सध्या वहीत फोर-व्हीलर शिकायचं चालू आहे. अडथळ्याच्या जागी 'नवरा शेजारी बसून शिकवतो' असं लिहिलंय. अडथळा आतलाच हवा हे मला माहितीये, पण हा मी बदलणार नाही.