परसात लाकडांसाठी झापांची खोप की पत्र्याची शेड?

कोकणात असाल तर माझं मत पत्र्याला, पण बाजू उघड्या ठेवूनच. झापं म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, त्या स्वस्त पडतात, माड घरचे असतील तर खर्च फक्त विणायच्या मजुरीचा आणि हवा पण छान खेळते, पण दरवर्षी मे महिन्यात परत शाकारणी आलीच, आणि हल्ली झापं विणणारी माणसं भेटतात कुठे? त्यात ३००० मिमीच्या आसपास पाऊस, एक झाप जरी सरकलं तरी खालची रास भिजते आणि मग चुलीत नुसता धूर, डोळे चुरचुरतात, फुंकून फुंकून जीव जातो.

पत्र्याला एकदाच खर्च. तापतो म्हणतात, पण लाकडं वाळायला ते उलट बरंच की! फक्त चारी बाजूंनी बंद करू नका प्लीज, आत दमट होऊन लाकडाला पांढरी बुरशी धरते. नैऋत्येकडून झड येते तेवढीच बाजू झाकायची आणि पत्रा खांबांच्या बाहेर दीड-दोन फूट काढायचा.

खाली मात्र दोन्हीत सेमच, चिरे मांडून त्यावर वासे टाकून मगच लाकडं रचायची, जमिनीला टेकली की वाळवी लागलीच समजा.