पेठेतल्या बोळासाठी वेगळ्याच घडणीची गाडी: नॅनो, क्यूट की कॉमेट?

माझे मामा-मामी नारायण पेठेत राहतात, जुना वाडा, आणि बोळ असा की समोरून रिक्षा आली तर दोघांपैकी एकाने मागे जायचं. मामांचा उजवा गुडघा यंदा बदललाय, त्यामुळे स्कूटर बंद, आणि दर वेळी रिक्षा शोधायची म्हणजे मामीच्या जिवावर येतं. मामींनी मला विचारलं, बाळा छोट्यातली छोटी कुठली घेऊ? तेव्हापासून महिनाभर याच विषयात बुडालोय, तर जे कळलं ते इथे लिहितोय, कुणी असंच अडलं असेल तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट, या "विचित्र" दिसणाऱ्या गाड्या कुणी हौस म्हणून तशा बनवल्या नाहीत. युद्धानंतरच्या युरोपात पैसा कमी, पेट्रोल महाग, म्हणून मिलानच्या इसो कंपनीने (फ्रिज आणि स्कूटर बनवणारी!) 1953 मध्ये इसेटा काढली, जिचं अख्खं तोंडच दार. पुढे 1955 पासून बीएमडब्ल्यूने ती बनवली आणि दीड लाखाच्या वर खपवली. गाडी फुटपाथला नाक लावून उभी करायची, दार उघडलं की स्टिअरिंगही दारासोबत बाजूला सरकतं, आणि माणूस सरळ उभा राहून बाहेर. पुढून धडक बसून दार अडकलं तर वरच्या कापडी छतातून निघायचं. मामांच्या गुडघ्यासाठी याहून चांगली कल्पना मला आजवर दिसलेली नाही, खरंच सांगतो. पण ती आता मिळणार नाही, संग्रहात बघायची.

आपल्याकडेही हे काही नवीन नाही हो. आपण ज्याला सर्रास टेम्पो म्हणतो तो शब्दच जर्मन टेम्पो कंपनीचा, त्यांची तीन चाकी हॅन्सिएट बजाज टेम्पोने इथे बनवली आणि नाव भाषेत राहून गेलं.

आता मुद्द्याचं.

क्यूट. बजाजची, म्हणजे आकुर्डीची. 2012 मध्ये आरई60 नावाने दाखवली आणि नियम ठरता ठरता इथे विक्रीला यायला 2019 उजाडलं, कारण ती कायद्याने कारच नाही, क्वाड्रिसायकल आहे, म्हणजे कारपेक्षा हलक्या चारचाकीचा वेगळा वर्ग. इंजिन 216 सीसी, मागे, आणि सामान पुढच्या डिकीत. रुंदी 1312 मिमी, म्हणजे जवळपास रिक्षाएवढीच, नॅनोपेक्षा 18 सेंमी कमी. बोळाचा एकच प्रश्न असता तर मी डोळे झाकून हीच सांगितली असती. पण एसी नाही, कमाल वेग 70, आणि युरो एनकॅपच्या धडक-सुरक्षा चाचणीत एकच स्टार. शिवाय दोन मोठी माणसं शेजारी बसली की खांद्याला खांदा लागतो आणि मामांना पाय सरळ करून वळायला जागा हवी. नाही जमणार.

कॉमेट. एमजीची, 2023 ची, इलेक्ट्रिक, लांबी तीन मीटरच्याही आत, दोनच दारं. पुढचं दार मोठं असल्यामुळे पुढे बसणं मस्त, मामा आरामात बसले होते शोरूममध्ये. मागे जायचं तर पुढची सीट पाडून वाकून शिरायचं, आणि मागे माणसं बसली की सामानाला जागाच उरत नाही. आवाज नाही, गिअर नाही, मामी स्वतः चालवू शकतील, दोन एअरबॅग. बॅटरी 17.3 युनिटची, कंपनी 230 किमी म्हणते, पेठेतल्या वापराला आठवडा निघेल. अडचण फक्त चार्जिंगची! वाड्यात गाडी उभी राहते अंगणाच्या कडेला आणि मीटर दुसऱ्या मजल्यावर, घरी पूर्ण चार्ज व्हायला साधारण 7 तास, म्हणजे रात्रभर वायर खाली सोडायची, पावसाळ्यात हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या सोसायटीत पार्किंगला स्वतःचा पॉइंट असेल तर पुढचं वाचूच नका, हीच घ्या.

नॅनो. सेकंड हँडच मिळणार, 2018 च्या सुमारास बनणं थांबलं. 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे, चाकाला तीनच नट, एकच वायपर, स्वस्त करायला एकेक गोष्ट मुळापासून विचार करून काढलेली. लोकांनी तिला "स्वस्त गाडी" एवढ्यावरच सोडून दिलं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आतली जागा बघा! छत उंच, सीट उंच, चार दारं, मामांना खाली वाकावंच लागत नाही, नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. 4 मीटरच्या त्रिज्येत वळते. घ्यायचीच तर 2015 नंतरची जेनएक्स, ऑटोमॅटिक, पॉवर स्टिअरिंगवाली, त्यात मागचं झाकणही उघडतं, आधीच्या नॅनोत ते उघडतच नव्हतं आणि पिशव्या मागच्या सीटवरून टाकाव्या लागायच्या.

पण लपवण्यात अर्थ नाही, एअरबॅग नाहीत, आणि 2014 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत शून्य स्टार होते. म्हणून मामींना स्पष्ट सांगितलंय, डेक्कन, दवाखाना, मंडई, फार तर कोथरूडला आत्याकडे. हायवेवरच्या नवले पुलाच्या बाजूला किंवा साताऱ्याला ही गाडी न्यायची नाही, तेव्हा माझी गाडी मागवायची. दुसरं, 2015 ची गाडी असेल तर आरसी 2030 पर्यंतच, पुढे परत पासिंग, हे भाव करताना धरा.

माझं मत नॅनोकडे झुकतंय, आणि ते पूर्णपणे मामांच्या गुडघ्यामुळे. रविवारी धायरीला एक 2016 ची बघायला जातोय. आधी मामा तीनदा बसून उठणार, त्रास नाही झाला तरच बॉनेट उघडू, तिथे इंजिन नाही स्टेपनी असते, मग मेकॅनिक मागून इंजिन बघेल.