दोन मॉनिटर, एक हापूस: डोळ्यांनी जुळवायचं की कॅलिब्रेटरने?

रत्नागिरीत हापूसच्या पेट्यांची लेबलं करताना माझ्या डाव्या मॉनिटरवर आंबा केशरी दिसायचा, उजव्यावर पिवळाफटक. विंडोजमधलं कॅलिब्रेशन, म्हणजे पडद्याचे रंग जुळवण्याची सोय, फुकट आहे, पण ते डोळ्यांच्या भरवशावर चालतं, आणि डोळे खोलीतल्या उजेडाला सरावतात. आषाढातल्या अंधाऱ्या दुपारी जुळवलेले रंग वैशाखात पुन्हा वेगळे वाटतात. कॅलिब्रेटर, म्हणजे रंग मोजणारं छोटं उपकरण, पडद्याला टेकवला की तो रंग प्रत्यक्ष मोजतो, ते ६५०० केल्विन (पांढऱ्याची छटा) आणि गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजळपणा) या मापांशी जुळवतो, आणि प्रत्येक मॉनिटरचं स्वतंत्र आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या पडद्याच्या रंगांची नोंद असलेली फाइल, बनवतो. महाग आहे खरा, तरी छपाईच्या कामाला मी तोच घेईन. नुसते हिशेब असतील तर पहिला पर्याय पुरे. दोन्हींच्या आधी विंडोजचा नाइट लाइट (पडदा पिवळसर करणारी सोय) बंद करा, आणि एका मॉनिटरचं प्रोफाइल दुसऱ्याला लागलेलं नाही ना, हे विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये बघा.