टायटन मिसाइल म्युझियम, सहुआरिटा (ॲरिझोना): एका सिग्नलवाल्याने पाहिलेलं

पाचपैकी पाच तारे. माझी चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, त्यातली बरीचशी मनमाड-दौंड मार्गावर, तो एकेरी होता तेव्हा. कुलूप, किल्ली आणि दोन माणसांची संमती यातच आयुष्य गेलं, म्हणून मुलाने फिनिक्सहून मुद्दाम इथे आणलं.

हे म्युझियम म्हणजे अमेरिकेचा अणुक्षेपणास्त्राचा जुना भूमिगत तळ. खाली उतरायला ५५ पायऱ्या आहेत. उतरताना काही वाटत नाही, चढताना गुडघे बोलतात. ज्येष्ठांनी घाई करू नये. उंच माणसांना डोक्याला हेल्मेट देतात. जाण्याआधी ऑनलाइन तिकीट काढून ठेवा.

खाली जाडजूड पोलादी दरवाजे ओलांडले की नियंत्रण कक्ष लागतो. तो आठ दणकट स्प्रिंगांवर टांगलेला आहे. जवळपास अणुबॉम्ब पडला तरी आतली यंत्रं शाबूत राहावीत आणि उलट उत्तर देता यावं, यासाठी. टायटन-२ जातीची अशी ५४ क्षेपणास्त्रं अमेरिकेने पेरली होती, त्यातली १८ एकट्या टुसान शहराभोवती. १९६३ ते १९८२ इथे चार जणांची तुकडी चोवीस तासांच्या पाळीला बसायची.

आमच्या नातीला कमांडरच्या खुर्चीत बसवलं. शेजारी लाल तिजोरी, तिला दोन कुलपं. एका अधिकाऱ्याच्या कुलपाचा आकडा दुसऱ्याला माहीत नसायचा. आत किल्ल्या आणि आलेला हुकूम पडताळायची कार्डं. किल्ल्यांच्या दोन जागा इतक्या लांब की एका माणसाचे हात पुरत नाहीत. दोघांनी एकदम फिरवायची आणि पाच सेकंद धरून ठेवायची. पोरीने दोन्ही हातांनी किल्ली दाबून धरली होती. मी मनात पाच मोजले. पॅनेलवर एकेक दिवा लागत गेला. खरी वेळ असती तर ५८ सेकंदांत क्षेपणास्त्र बाहेर पडलं असतं आणि साधारण अर्ध्या तासात लक्ष्यावर. बॉम्ब ९ मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमासारखे सुमारे ६००. लक्ष्यांची बटणं तीन: १, २, ३. त्या आकड्यांमागे कोणतं गाव आहे, हे किल्ली फिरवणाऱ्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

कुलपांची ही रचना पाहून मी मनापासून दाद दिली. एकट्या माणसाच्या डोक्यात काही आलं तरी काही होऊ नये, याची पुरती काळजी घेतली आहे. पण एकेरी मार्गावर आम्ही नुसती एका स्टेशनातली कुलपं कधी पुरेशी मानली नाहीत. पुढच्या स्टेशन मास्तरने त्याच्या बाजूने संमती दिल्याशिवाय आमच्या यंत्रातून टोकनचा गोळा, म्हणजे गाडी पुढे सोडायचा परवाना, बाहेर यायचाच नाही. आणि तार तुटली, बॅटरी उतरली, काहीही बिघडलं तरी सिग्नल लालच व्हायचा.

वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोन स्टेशनांमध्ये असं काहीच नव्हतं. ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून दोघे समोरासमोर आले असताना, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हचं २६ तारखेचं पत्र अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींपर्यंत पूर्ण पोचायला जवळपास बारा तास लागले. गाड्या एकाच रुळावर आणि मास्तर पत्राची वाट पाहतायत! थेट तारेची हॉटलाइन झाली ती पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी ही क्षेपणास्त्राची विहीर कामाला लागली, त्याच वर्षी.

आणि बिघाड झाला की या दोघांकडे सगळं हिरव्याकडे झुकायचं. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रहांनी ढगांवर परावर्तित झालेलं ऊन पाहून अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं कळवलं. ड्युटीवरचा सोव्हिएत अधिकारी पेत्रोव्ह याने तो इशारा खोटा ठरवला. खरा हल्ला असेल तर पाचच कशी येतील, असा त्याचा हिशेब. सिग्नल खात्यात आम्ही सगळं माणसाच्या हुशारीवर कधीच सोडलं नाही. त्या रात्री तेवढीच शिल्लक होती. समोरचा आधी मारेल, मग आपल्याला वेळ उरणार नाही, या धास्तीपोटी दोघांनीही विचार करायची मिनिटं कापत आणली होती. टायटन-२ चं इंधन टाकीतच भरून ठेवायचे, तेही त्यासाठीच.

शेवटी वर या आणि काचेतून विहिरीत पाहा. १०३ फुटांचं क्षेपणास्त्र जागेवर उभं आहे, टोकाच्या आवरणाला भोक पाडलेलं. विहिरीचं ७६० टनांचं झाकण रुळांवरून सरकतं. ते अर्ध्यावर कायमचं अडवून ठेवलं आहे, सोव्हिएत उपग्रहांना आवरणात बॉम्ब नाही हे वरून दिसावं म्हणून. झाकण अडवणारे ठोकळे मी वाकून नीट पाहिले. आमच्याकडे साइडिंगमधला डबा मेन लाइनवर घरंगळू नये म्हणून रुळावर असाच ठोकळा लावतात. नातीला तो हात लावून दाखवायचा होता, पण कठड्यापलीकडे जाऊ देत नाहीत.