फायर अलार्मचं पॅनेल: दुरुस्त करावं की अ‍ॅड्रेसेबल घ्यावं?

पॅनेलवर फॉल्टचा पिवळा दिवा लागला आणि बझर ओरडायला लागला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन तट पडतात. कोणी म्हणतं दुरुस्त करा, कोणी म्हणतं हे धूड काढा आणि अ‍ॅड्रेसेबल, म्हणजे प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असलेलं पॅनेल बसवा. मुंबईतल्या इमारतींची पॅनेलं उघडण्यात माझी बरीच वर्षं गेली. बिघाड पॅनेलच्या पोटात आहे की बाहेरच्या वायरिंगमध्ये, हे कळल्याशिवाय कोटेशनवर सही करू नका, एवढं मी कळकळीने सांगेन.

जुनं कन्व्हेन्शनल पॅनेल, म्हणजे एका वायरीवरच्या सगळ्या डिटेक्टरांचा मिळून एक झोन धरणारं, फार बोलत नाही. 'झोन ३ फॉल्ट', बस. तिसऱ्या झोनमधले सगळे डिटेक्टर मग आपण शिडी लावून शोधायचे. पण पोटातला दोष मात्र यातच पटकन पकडता येतो. झोनच्या दोन वायरी सोडवायच्या आणि त्या झोनच्या शेवटच्या टोकाला असतो त्याच व्हॅल्यूचा एंड ऑफ लाइन रेझिस्टर थेट पॅनेलच्या टर्मिनलवर लावायचा. फॉल्ट गेला तर दोष बाहेर आहे. तसाच राहिला तर झोन कार्ड गेलं. काही रुपयांच्या रेझिस्टरवर तपासणीचं काम भागतं.

अ‍ॅड्रेसेबल पॅनेल नाव-पत्त्यासकट सांगतं: लूप (डिटेक्टर जोडणारी वायरची साखळी) १, डिव्हाइस ४७, प्रतिसाद नाही. इव्हेंट लॉगमध्ये तारीख-वेळही सापडते. पोडियम पार्किंग आणि वीस-पंचवीस मजले असतील तर याला पर्याय नाही. पण मेमरीची चेकसम एरर आली (म्हणजे साठवलेली माहिती बिघडली) किंवा प्रोसेसर अडकला की तोच हुशार गडी मुका होतो. मग कंपनीचं सॉफ्टवेअर हवं, पासवर्ड हवा आणि मुख्य म्हणजे कोणता पत्ता कुठला हे नोंदवलेली कॉन्फिगरेशनची फाइल हवी. मुलुंडच्या एका टॉवरमध्ये ती फाइल नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये होती. मदरबोर्ड एका तासात बदलला, पण कोणता पत्ता कोणत्या मजल्यावरचा, हे पुन्हा लिहून काढण्यात तीन दिवस गेले. म्हणून अ‍ॅड्रेसेबल घेताना फाइलची प्रत आणि पासवर्ड सोसायटीच्या ताब्यात देण्याची अट ऑर्डरमध्येच घाला.

बॅटरीचं दुखणं दोन्हीकडे सारखंच, आणि फसगत सर्वांत जास्त इथेच होते. दादरच्या एका सात मजली इमारतीत पॉवर सप्लाय फॉल्ट होता आणि एका एजन्सीने अख्खं पॅनेल बदलायचं कोटेशन दिलं होतं. झाकण उघडलं तर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक फुगलेली, टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. चार्जर चालू असताना मीटर २७ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे सगळं आलबेल. मेन बंद करून हूटर (अलार्मचा भोंगा) वाजवला, तर आकडा काही सेकंदांत १९ च्या खाली. दोन्ही बॅटऱ्या बदलल्या, टर्मिनल घासलं, फॉल्ट गेला. ते पॅनेल आजही चालू आहे. लोडवर न मोजलेली बॅटरी मी चांगली म्हणत नाही.

पावसाळ्यात अर्थ फॉल्ट येतो, म्हणजे वायरीतला करंट जमिनीकडे गळतो, तेव्हाही घाई नको. बाहेरच्या सगळ्या वायरी एकेक करून काढा. शेवटची निघाल्यावरही दिवा तसाच असेल तरच कार्ड किंवा चार्जरवर संशय घ्या. बहुतेक वेळा गच्चीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी सापडतं.

खास 'सिस्टीम फॉल्ट'चा दिवा असेल तर मेन आणि बॅटरी दोन्ही काढून पॅनेल एकदा पूर्ण बंद-चालू करा. नुसता मेन बंद केला तर ते बॅटरीवर जागंच राहतं. अ‍ॅड्रेसेबल असेल तर आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप. दिवा परत आला तर बोर्ड गेला. कन्व्हेन्शनलचा बोर्ड बाजारात मिळत असेल आणि इमारत सात-आठ मजल्यांची असेल तर मी दुरुस्तीच सुचवेन. सुटे भाग बंद झाले असतील तर जुन्यात पैसे घालू नका.

निर्णय लांबवायलाही मुभा नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्स असलेल्या एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो, आणि बझर म्यूट केलेल्या पॅनेलवर तो घेणं म्हणजे रहिवाशांच्या जिवाशी खेळ. नवीन पॅनेल येईपर्यंत वॉचमनला दर तासाला प्रत्येक मजल्यावर फेरी मारायला लावा आणि वेळ रजिस्टरमध्ये लिहून घ्या, रात्रीचीसुद्धा.