रोटरी कटर: कतरणींच्या गोधड्या शिवून देत असाल तर घ्याच

शिवणकामातून उरलेल्या कापडाच्या गोधड्या, दुपटी शिवून संस्थांना देणाऱ्यांसाठी खास लिहितेय, ४५ मिमी पात्याचा रोटरी कटर (चाकासारखं गोल फिरणारं पातं असलेलं कापड कापायचं हत्यार) खरंच खूप कामाचा आहे. कात्रीने कापताना कापड थोडं उचललं जातं आणि चौकोन वाकडा होतो, इथे ते मॅटवर (कापताना खाली ठेवायच्या खास चटईवर) सपाटच राहतं, मापाची पट्टी घट्ट दाबायची नि कटर फिरवायचा, सुती कापडाचे चार थर एका दमात कापले जातात. (ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ मध्ये हे हत्यार पहिल्यांदा आणलं, आता बरेच ब्रँड मिळतात.)

मला सगळ्यात आवडलं ते माप. अडीच इंचाचा चौकोन कापला की दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच शिलाई जाऊन बरोब्बर दोन इंच उरतो, त्यामुळे वेगवेगळ्या जणींनी आपापल्या घरी कापलेले तुकडे जोडले तरी कोपऱ्याला कोपरा जुळतो, आणि ग्रुपमध्ये काम करताना हेच तर हवं असतं ना! फक्त उभा-आडवा धागा बघून कापा, उरेब, म्हणजे धाग्याला तिरका कापलेला तुकडा ताणला जातो.

टाचण्या आधी काढा प्लीज. पातं टाचणीवरून गेलं की खाच पडते आणि मग दर फेरीला तिथला धागा न कापता राहतो, पातंच बदलावं लागतं. मॅटशिवाय तर वापरूच नका. टोपडी, लाळेऱ्यांच्या गोलाईला हे पातं मोठं पडतं, तिथे २८ मिमीचं छान वळतं.